थाट वेगळा, राग वेगळा: तोंडी परीक्षेत मुलं नेमकी कुठे अडकतात

गाण्याच्या परीक्षांचं एप्रिल-मेचं सत्र जवळ आलं की पुण्यातल्या गाण्याच्या क्लासांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, "भूप: थाट कल्याण, वादी ग, संवादी ध, पाठ करून येणे". (भूप हा राग, थाट म्हणजे राग ज्या सात स्वरांच्या गटात मोडतो तो, वादी म्हणजे रागातला सगळ्यात महत्त्वाचा स्वर आणि संवादी त्याच्या खालोखालचा.) मुलं बिचारी पाठ करतात, परीक्षकांनी विचारलं की घडाघडा म्हणतात, आणि त्याच्यापुढचा एक साधा प्रश्न आला की गप्प. यात मुलांचा काही दोष नाही. थाट आणि राग आपण ज्या पद्धतीने शिकवतो तिथेच गडबड आहे आणि दरवर्षी तीच गडबड बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदा नीट लिहितेय.

राग म्हणजे काय हे प्रवेशिकेला (सुरुवातीच्या परीक्षेला) बसणाऱ्याला सांगायला नको, तुम्ही रोज गाताच. गाइडमधला फरकाचा तक्ताही सगळ्यांना माहितीये: थाटात सात स्वर हवेतच, रागात पाचही चालतात, थाटाला नुसता आरोह (चढता क्रम), रागाला आरोह-अवरोह (चढता-उतरता) दोन्ही, थाट गात नाहीत, राग गातात, थाटाला वादी-संवादी नसतात. सगळं बरोबर आहे, लेखी पेपरात त्याचे मार्कही मिळतात, एका बैठकीत पाठ होतं. पुढे जाऊ.

घोळ होतो तो एका वाक्यामुळे, "थाटापासून राग उत्पन्न होतात". अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या बऱ्याच गाइडांमध्ये हे वाक्य आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. हे वाचून मुलाच्या डोक्यात असं बसतं की आधी दहा थाट होते आणि मग कुणीतरी त्यातले स्वर कमी-जास्त करून राग तयार केले. झालं बरोबर उलटं. भैरव, तोडी, मारवा, यमन हे सगळे राग गवई मंडळी गातच होती. संगीताचे अभ्यासक पंडित भातखंड्यांनी (१८६० ते १९३६) देशभर फिरून, उस्तादांकडून बंदिशी जमवून, जे गायलं जात होतं त्याची मांडणी केली. दक्षिणेतली व्यंकटमखींची ७२ मेळांची (थाटांसारख्याच स्वरगटांची) पद्धत त्यांच्यासमोर होती, आपल्याकडच्या रागांसाठी त्यांनी दहा थाट पुरेसे धरले. आज परीक्षेत विचारतात ते हेच दहा. म्हणजे राग आधीचे आणि हे थाट नंतरचे, कपाटातल्या कप्प्यांसारखे, कपडे आधी होते, कप्पे नंतर ठरवले. आणि भातखंड्यांनी हे सगळं मराठीत, गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून ठेवलंय, तरी आपल्याच मुलांना ते गाइडच्या दोन ओळींतून शिकावं लागतं याचं वाईट वाटतं.

आता हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे प्रश्न आपोआप सुटतात.

मारवा घ्या. मारवा थाटात पंचम (प) आहे, कारण थाटात सात स्वर पूर्ण लागतात. मारवा रागात पंचम वर्ज्य, म्हणजे लागतच नाही. ज्या रागाच्या नावावरून थाटाला नाव दिलं त्याच रागात त्या थाटातला एक स्वर नाही! खमाजचंही तसंच, थाटात फक्त कोमल (उतरलेला) निषाद (नि), आणि राग गाताना आरोहात शुद्ध निषाद घेतो, अवरोहात कोमल, शिवाय आरोहात रिषभ (रे) सोडतो. ज्या मुलाला थाट म्हणजे रागाचा आरोह-अवरोहच वाटतो (आणि हे खूप मुलांना वाटतं) तो खमाजचा थाट विचारला की दोन्ही निषाद लावून मोकळा होतो.

पण सगळ्यात जास्त दांडी उडते ती भूपावर. परीक्षक विचारतात, "भूपाचा थाट?" "कल्याण." "कल्याणात मध्यम (म) कुठला?" "तीव्र, म्हणजे चढा." "मग भूपात तो कुठे लागतो?" इथे मुलगी तानपुऱ्याकडे बघायला लागते. भूपात मध्यमही नाही आणि निषादही नाही, उरले सा रे ग प ध, सगळे शुद्ध. नुसते स्वर बघितले तर हा राग बिलावल थाटातही आरामात बसतो. आणि खरंच हेच पाच स्वर घेऊन बिलावल थाटात बसलेला राग आहेच, देशकार!

मग ठरवलं कशावरून? चालीवरून, म्हणजे राग स्वरांवरून कसा फिरतो त्यावरून. भूप पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमतो, गंधार (ग) वादी, रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, "सा रे ग, प ग, रे ग सा रे, ध़ सा" असं गंधाराभोवती फिरत राहतो. त्याचं नातं कल्याणच्या घरात आहे, शुद्ध कल्याणचा आरोह तर थेट भूपाचाच असतो. देशकार सकाळचा, उत्तरांगातला (वरच्या अर्ध्यातला), वादी धैवत (ध), रिषभ दुबळा, "सां ध, प, ग प ध प" असा वरून खाली येतो. धैवतावर थांबून परत पंचमावर आलात की देशकार दिसायला लागतो, गंधारावर विसावलात की भूप. स्वर तेच, वजन वेगळं. थाट ठरवताना रागाचं हे वागणं बघितलं गेलं, नुसती स्वरांची मोजणी केली नाही, आणि "थाटापासून राग उत्पन्न" हे वाक्य नेमकी हीच गोष्ट झाकून टाकतं.

पटदीप तर याच्याही पुढचा. कोमल गंधार आणि शुद्ध निषाद, आणि बाकी सगळे स्वर शुद्ध, असा संच दहांपैकी एकाही थाटात बसत नाही. तरी त्याला काफी थाटात घालतात आणि परीक्षेत तुम्हीही काफीच सांगा, वाद घालत बसू नका, पण का विचारलं तर "निषाद जुळत नाही, पण अंग (गाण्याची चाल) काफी थाटातल्या भीमपलासीच्या जवळचं आहे" एवढं सांगता आलं पाहिजे.

परीक्षक मंडळींना एक विनंती आहे. थाटाचं नाव विचारून पुढे जाऊ नका हो. "भूप आणि देशकार, दोन-दोन ओळी गाऊन फरक दाखव" असं विचारा. पाठांतरवाला लगेच ओळखू येतो, आणि ज्याला खरंच कळलंय पण व्याख्या म्हणताना जीभ अडखळते त्याच्यावर अन्याय होत नाही. शास्त्राची परीक्षा गळ्यातून घेता येते, निदान गायनाच्या परीक्षेत तरी तशीच घ्यावी हे माझं ठाम मत आहे.

आणि क्लास घेणाऱ्यांनो, आश्रय राग (ज्याच्या नावावरून थाटाला नाव दिलं तो राग) शिकवताना मारवा आणि खमाज ही दोन उदाहरणं पेटीवर वाजवून दाखवा, आधी थाटाचे सात स्वर सरळ, मग लगेच रागाचे आरोह-अवरोह. मारव्याच्या आरोहात पंचमाची पट्टी बोटाखालून तशीच सुटते, ती मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.