रीमॅपने आयडल बिघडतं? आधी नळी बघा
"ईसीयू (बाइकच्या इंजिनाचा संगणक) रीमॅप केला, म्हणजे त्यातली सेटिंग बदलली, की गाडी सिग्नलला बंद पडणारच," असं इंदूरच्या रामबागेत पोरं एकमेकांना वर्षानुवर्षं सांगतात. हे खरं नाही. मूळ मॅप (कंपनीची सेटिंग) परत टाकून पाहा; इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तरीही नाचला, तर दोष बहुतेक हवेच्या वाटेत आहे. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, त्यामुळे नळीच्या बारीकशा चिरेतूनही पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते. वेगात तीच गळती जाणवतही नाही.

माझ्या भाच्याच्या गाडीचा काटा १,१०० ते १,९०० हेलकावत होता. टाकी उचलली, तर एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) बसवताना निसटलेली, इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडणारी बोटभर व्हॅक्यूम नळी लोंबकळत होती. ती बसवली, काटा १,४०० वर थांबला.

नळी ठीक असेल तर थ्रॉटल बॉडीतली, म्हणजे ती झडप जिथे बसते तिथली, काजळी बघा. पण पोरांनो, झडप कुठवर मिटते ते ठरवणारा स्टॉप स्क्रू पिळू नका; त्याने थ्रॉटल सेन्सरचा शून्यच, म्हणजे झडप मिटल्याची खूणच, हलते.