पी९१, ३०४एच, ३१० आणि ७१८ : हीट ट्रीटमेंटला जॉब आणण्यापूर्वी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, हिंगणा एमआयडीसी, नागपूर

पी९१ या उष्णता सोसणाऱ्या पोलादाचे दोन पाइप घ्या. सर्टिफिकेटवर दोघांची रसायनं सारखीच: क्रोमियम ९ टक्के, मॉलिब्डेनम १ टक्का, चिमूटभर व्हॅनेडियम आणि निओबियम. तरी ५८० अंश सेल्सिअसच्या वाफेवर एक वर्षानुवर्षं चालतो आणि दुसरा लवकर फाटतो. फरक पोटातल्या रचनेत असतो. ती भट्टीत घडते आणि भट्टीतच बिघडते.

पी९१ : सर्वांत जास्त चुका इथेच

१०४० ते १०८० अंशांवर नॉर्मलायझिंग करून (म्हणजे तापवून) हवेत थंड केलं की मार्टेन्साइट, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची कठीण रचना, तयार होतं. त्यानंतर ७३० ते ८०० अंशांवर टेम्परिंग केलं (ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलं) की पट्ट्यांच्या सीमांवर क्रोमियमचे कार्बाइड बसतात आणि आत व्हॅनेडियम-निओबियमचे अतिबारीक कण पसरतात. तापलेला धातू ताणाखाली हळूहळू सरकत राहतो, त्याला क्रीप म्हणतात. हे कण त्या सरकण्याला खुंटीसारखे अडवतात. टेम्परिंग फार वेळ किंवा फार गरम झालं तर कण जाडे आणि विरळ होतात, खुंट्या सैल पडतात. हार्डनेस १९० एचबीच्या (ब्रिनेल मापाच्या) खाली आला असेल तर पाइप वरून कितीही चकचकीत असो, आम्ही तो संशयितच धरतो.

वेल्डिंगसाठी प्रीहीट (आधीचं तापवणं) किमान २०० अंश. वेल्ड पूर्ण झाल्यावर जोड १०० अंशांच्या खाली येऊ द्या आणि मगच पीडब्ल्यूएचटी (वेल्डनंतरची हीट ट्रीटमेंट) लावा, साधारण ७६० अंश. ही पायरी घाईत सुटते. जोड १५०-२०० अंशांवर असतानाच पुन्हा तापवला तर आत उरलेलं ऑस्टेनाइट (मार्टेन्साइट होण्याआधीची रचना) तसंच राहतं आणि नंतर थंड होताना त्याचं ताजं, ठिसूळ मार्टेन्साइट बनतं. त्याला टेम्परिंग मिळालेलंच नसतं. मे महिन्यात आपल्याकडे शेडमध्येच ४५ अंश असतात, त्यात जाड पाइप ब्लँकेटखाली असला तर फार सावकाश निवतो. म्हणून घड्याळावर किंवा हाताच्या अंदाजावर जाऊ नका, जोडाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून आकडा बघा. पावसाळ्यात याच्या उलट काळजी घ्यावी लागते: पीडब्ल्यूएचटी न झालेला जोड ओलसर जागेत रात्रभर पडू देऊ नका, त्याला भेगा जाऊ शकतात.

४०० अंशांच्या वर तापमानाची चढ-उतार २५ मिमी जाडीला ताशी २२० अंशांच्या आत ठेवा, ५० मिमीला ११०च्या आत. थर्मोकपल जॉबलाच लावलेलं हवं. भट्टीतल्या हवेचं तापमान आणि धातूचं तापमान एक नसतं.

बारीक दाणा नेहमी चांगला नसतो

धातू छोट्या स्फटिकांचा, म्हणजे दाण्यांचा, बनलेला असतो. साध्या तापमानाला बारीक दाणा ताकद देतो, हे खरं आहे. पण क्रीपच्या तापमानाला दाण्यांच्या सीमाच सरकतात, आणि दाणा बारीक म्हणजे सीमा जास्त. म्हणून ३०४एच या स्टेनलेस स्टीलच्या ट्यूबला एएसटीएम मानकाचा दाणा-क्रमांक ७ किंवा त्याहून जाडा दाणा मागतात (क्रमांक जितका लहान, दाणा तितका जाडा). सोल्यूशन ॲनीलिंग (कार्बाइड विरघळवण्यासाठी तापवणं) किमान १०४० अंशांवर करून लगेच पाणी द्यायचं, म्हणजे झटकन थंड करायचं. ८५० ते ४२५ अंशांमध्ये रेंगाळलं तर सीमांवर क्रोमियम कार्बाइड जमतो आणि तिथून गंज शिरतो.

३१०चे ट्रे आणि हुक

३१० या स्टेनलेस स्टीलचे भट्टीतले ट्रे आणि हुक ६०० ते ९०० अंशांत दीर्घकाळ वापरले की यांच्यात सिग्मा फेज नावाची ठिसूळ रचना तयार होते. गरम असताना काही जाणवत नाही. भट्टी बंद करून वाकडा ट्रे थंड असतानाच हातोडीने सरळ करायला गेलात की तो काचेसारखा तुटतो. आधी १०५० अंशांच्या वर तापवून पाणी द्या, सरळ करणं त्यानंतर.

७१८ या निकेलच्या मिश्रधातूला हीट ट्रीटमेंटचे दोन टप्पे लागतात: ७२० अंशांवर ८ तास, भट्टीतच ६२०पर्यंत उतरवणं, तिथे पुन्हा ८ तास. ६५०च्या वर सतत वापर असेल तर दुसरा मिश्रधातू निवडावा, कारण ७१८ला ताकद देणारे कण तिथे टिकत नाहीत.

२० अंशांची किंमत

टी२२ या बॉयलरच्या पोलादी ट्यूबचा लार्सन-मिलर हिशेब (तापमानावरून आयुष्य काढण्याचं सूत्र, स्थिरांक २०) बघा: ५४० अंशांवर १,००,००० तास टिकेल इतका ताण असेल, तर त्याच ताणाखाली ५६० अंशांवर सुमारे २५,००० तासच मिळतात. राखेने किंवा स्केलने (पपडीने) ट्यूब २० अंश जास्त तापते, हे पॅनेलवर दिसतही नाही.

जॉबसोबत काय द्यावं

नुसतं 'स्टेनलेस आहे' म्हणू नका. ग्रेड, हीट नंबर (पोलादाच्या वितळणीचा क्रमांक), मिलचं सर्टिफिकेट, आधी झालेल्या हीट ट्रीटमेंटचा चार्ट, वेल्ड किती वेळा दुरुस्त झाला आणि प्रत्यक्ष धातूचं चालू तापमान, एवढं लिहून द्या. कोराडी, खापरखेडासारख्या वीज केंद्रांत हेडर (अनेक ट्यूब जोडलेला जाड पाइप) कापून आणता येत नाही. तिथे जागेवरच पॉलिश आणि एचिंग (आम्लाने रचना उघडी करणं) करून प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर रचनेचा ठसा घेता येतो. त्यासाठी जोडाच्या दोन्ही बाजूंना हाताएवढी मोकळी जागा, इन्सुलेशन काढलेलं आणि पाइप पूर्ण थंड हवा.