बारमाही अश्वारोहण रिंगण

घोडेस्वारीचे शिक्षण, सराव आणि स्पर्धा वर्षभर चालू राहाव्यात म्हणून मुद्दाम थर देऊन बांधलेले, आखीव हद्दीचे मैदान. स्वारीशाळांच्या रोजच्या बोलण्यात त्याला ‘रिंग’ किंवा ‘अरीना’ म्हणतात. मराठी माणसाला रिंगण म्हटले की आधी वारी आठवते. इंदापूर तालुक्यात बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचे पहिले गोल रिंगण होते. अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. ते रिंगण वर्षातून एकदा आणि मोजक्या फेऱ्यांचे असते. स्वारीशाळेत मात्र दहा-बारा घोडे एकाच वाटेवरून आषाढातही फिरतात आणि वैशाखातही. नांगरट करून सपाट केलेली जमीन एवढा मारा एक पावसाळासुद्धा सोसत नाही. पुण्याच्या परिसरात हा मारा सोसणारे रिंगण कसे बांधावे आणि राखावे, ते इथे पाहू.

पुण्याचे पाऊसमान

पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोकणच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो, पण रिंगणाची परीक्षा पावसाच्या बेरजेपेक्षा त्याच्या पडण्याच्या तऱ्हेत असते. मे महिन्यातला वळीव तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीवर तासाभरात कोसळतो. आषाढ-श्रावणात दिवसेंदिवस रिपरिप चालते, ऊन पडत नाही आणि वरचा थर वाळायला उसंतच मिळत नाही. मग परतीचा पाऊस पुन्हा धो धो येतो आणि त्याच्या मागोमाग ऑक्टोबरचा उन्हाळा. पुढे फेब्रुवारीपासून धूळ.

जिल्ह्यातसुद्धा हवामान एक नाही. लोणावळ्याला सुमारे ४,००० मिमी पाऊस होतो, तर पूर्वेला बारामती-इंदापूरकडे ५०० मिमीच्या आसपास. त्यामुळे मुळशीत चाललेला आराखडा दौंडला तसाच उचलून नेता येत नाही. मुळशीत पाणी काढण्याची चिंता, दौंडला ते टिकवण्याची. पुणे शहर या दोघांच्या मध्ये असल्याने इथल्या रिंगणाला दोन्ही कामे करावी लागतात, आणि खरी अडचण हीच आहे.

पूर्वपीठिका

पावसाळ्यात घोड्याला काम देणे ही तशी अलीकडची गोष्ट. मराठी फौजा पावसाळ्यात छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. चार महिने घोडे पागेत दाणावैरण खाऊन ताजे होत. पुण्यात पागांच्या खुणा नावांतून उरल्या आहेत. १८८४ साली सुरू झालेली मुलींची ‘हुजूरपागा’ शाळा पेशव्यांच्या खाशा पागेच्या जागेवर उभी राहिली, म्हणून तिचे हे नाव. भीमेच्या खोऱ्यातल्या काटक भीमथडी तट्टांना तर दगडधोंडा आणि चिखल दोन्ही सवयीचे होते.

ब्रिटिश काळात हा क्रम उलटा झाला. पुण्यातले लष्कराच्या जागेवरचे रेसकोर्स १८३० सालचे, आणि शर्यतींचा इथला हंगाम भर पावसाळ्यात, जुलैपासून असतो. मुंबईचा हंगाम त्यानंतर हिवाळ्यात. शर्यती हिरवळीवर होतात. गवताच्या मुळांनी जमीन धरून ठेवलेली असते, शर्यतीच्या एका दिवसापासून दुसऱ्यापर्यंत तिला विश्रांती मिळते आणि तिचा मऊपणा उपकरणाने मोजला जातो. स्वारीशाळेला अशी विश्रांती देता येत नाही, म्हणून हिरवळ तिच्या कामाची नाही. खडकवासल्याला १९५५ पासून असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारी हा छात्रांच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. प्रशिक्षणाचे वेळापत्रक पावसासाठी थांबत नाही.

घोड्याच्या पायाला काय हवे

उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. भरधाव वेगात एकेका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट भार येतो. पाचशे किलोच्या घोड्याला हे गणित लावले की जमिनीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जमीन टणक असली तर हादरा खुरातून सांध्यांत जातो. ती फार खोल आणि भुसभुशीत असली तर प्रत्येक पाऊल उपसून काढताना पायाच्या नळीच्या हाडामागच्या शिरा, म्हणजे स्नायुबंध, ताणतात. वर ओलसर आणि खाली गुळगुळीत अशी जमीन सर्वांत वाईट, कारण तिथे वळणावर पाय सटकतो आणि स्वारासकट घोडा आडवा होतो. सतत ओल्यात उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुराचा तळ कुजतो, हे कोणताही नालबंद सांगेल.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शास्त्रीय आढाव्यात चांगल्या पृष्ठभागाचे गुण मांडले आहेत: टाप पडतानाचा कठीणपणा, भार झेलण्याची क्षमता, उचल देणारा प्रतिसाद, पकड, आणि सगळीकडचा एकसारखेपणा. यातला शेवटचा गुण पावसाळ्यात सर्वांत आधी जातो. एका कोपऱ्यात पाणी साचले की घोड्याला दर फेरीत तिथे आपली चाल बदलावी लागते. थोड्या कठीण पण एकसारख्या जमिनीशी घोडा जुळवून घेतो. बदलत्या जमिनीशी त्याला तसे जमत नाही.

जमीन आणि पाया

रिंगणाचा पैसा वाळूत दिसतो, पण त्याचे आयुष्य वाळूच्या खाली ठरते. पुण्याच्या परिसरात खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि सखल भागात त्यावर काळी माती असा क्रम आढळतो. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की हातभर भेगा पडतात. तिच्यावर कितीही चांगली खडी दाबून बसवली तरी दोन पावसांत पाया लाटेसारखा वरखाली होतो, खडी चिखलात बुडते आणि चिखल वर वाळूत येतो. म्हणून ती मुरूम लागेपर्यंत पूर्ण काढणे हाच उपाय. या खर्चात काटकसर केली तर पुढे सगळे रिंगण उकरावे लागते.

जागा निवडताना उन्हाळ्यात तीन-चार ठिकाणी कमरेएवढे खड्डे घेऊन त्यांत पाणी भरावे आणि ते किती वेळात जिरते हे पाहावे. ओढ्याची जुनी वाट कुठून जाते हे गावातल्या वयस्करांना विचारावे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना ओढा आपली वाट विसरत नाही हे माहीत आहे. रिंगण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान फूटभर उंच असावे आणि वरच्या अंगाला चर खणून डोंगरउताराचे पाणी आधीच वळवावे. आभाळातून पडणाऱ्या पाण्याची सोय लावणेच पुरेसे कठीण आहे, त्यात शेजारच्या शेताचे पाणी नको. ६० × २० मीटरच्या रिंगणावर ५० मिमी पाऊस पडला, तर ते ६०,००० लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर.

हे पाणी काढण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत निवडक मुरूम आणि बारीक कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी, रोलरने इतकी दाबतात की पाणी आत न जाता उतारावरून बाजूच्या गटारात जाते. उतार शेकडा एक ठेवतात. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता असा घाट दिला तर वीस मीटर रुंदीत मध्य कडेपेक्षा फक्त १० सेंमी उंच येतो. डोळ्याला तो जाणवत नाही, पाण्याला पुरतो. उतार वाढवला तर पाण्याबरोबर वाळूही निघून जाते. ही पद्धत स्वस्त आहे आणि पुण्यापासून पूर्वेकडे चांगली चालते. मात्र मुरमात मातीचा अंश जास्त असेल तर तोच गाळ होतो.

दुसऱ्या पद्धतीत पाणी खाली मुरवून नळ्यांनी बाहेर नेतात. मुरमाच्या तळावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, अंथरतात, माशाच्या काट्यासारखे तिरपे चर घेऊन त्यांत भोके असलेल्या नळ्या घालतात. वर धुतलेल्या खडीचा १५ ते २० सेंमी थर, त्यावर बारीक कच, पुन्हा कापड आणि शेवटी वाळू. खालचे कापड मातीला वर येऊ देत नाही, वरचे वाळूला खडीत उतरू देत नाही. नळ्यांचे तोंड उघड्या नाल्यात किंवा शोषखड्ड्यात काढतात आणि मध्ये तपासणीचे चेंबर ठेवतात. मुळशी, मावळ, लोणावळा या पट्ट्यात ही पद्धतच हवी. खडी न धुता टाकणे ही इथली नेहमीची चूक: क्रशरची भुकटी पहिल्याच पावसात खाली उतरून कापडाची छिद्रे बुजवते आणि एवढा खर्चाचा पाया हौदासारखा पाणी धरतो.

वाळूखाली सरळ पीसीसी, म्हणजे साधे काँक्रीट, टाकण्याचा सल्ला बांधकामातले लोक सहज देतात. तो मानू नये. काँक्रीटवर दहा सेंमी वाळू म्हणजे घोड्यासाठी फरशीच.

वरचा थर

नदीची वाळू गोल दाण्यांची असते. टापेखाली ते दाणे छर्‍यांसारखे घरंगळतात आणि पकड मिळत नाही. तिच्या उपशावर निर्बंध असल्याने ती सहज मिळतही नाही. काळ्या पाषाणाची क्रश सँड कोनदार असते, पकड चांगली देते, पण न धुतलेल्या मालात भुकटी फार. ती पावसात लगद्यासारखी बसते आणि उन्हाळ्यात घोड्याच्या नाकात जाते. सिंधुदुर्गातली सिलिका वाळू दाण्याला कठीण आणि स्वच्छ, पण वाहतुकीने महाग पडते. माल उतरवून घेण्याआधी एक साधी परीक्षा करावी. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी, जोरात हलवून रात्रभर ठेवावी. सकाळी वाळूवर गाळाचा जाड थर दिसला तर डंपर परत पाठवावा.

थराची जाडी शिकाऊ कामासाठी ८ ते १० सेंमी, उड्यांसाठी थोडी अधिक. एकदम पूर्ण थर न देता सहा सेंमीने सुरुवात करून घोड्यांची चाल पाहत वाढवणे शहाणपणाचे, कारण घातलेली वाळू काढणे फार कष्टाचे असते. ६० × २० मीटरला १० सेंमी थर म्हणजे १२० घनमीटर, साधारण ४२ ब्रास. वाळूत कापडी धागे मिसळले तर ती गवताच्या मुळांनी धरावी तशी धरली जाते. रबराचे तुकडे मोठ्या पावसात कडेला वाहून जमतात आणि मे महिन्यात तापतात. मेण लावलेली वाळू थंड देशांत उत्तम, पण पुण्याच्या उन्हात तिचा स्वभाव दुपारी एक आणि पहाटे एक असा होतो.

परदेशी साहित्याशिवाय जमिनीवर मेहनत घेण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. तालमीचा हौद लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून महिनोन्‌महिने कमावतात, तो पैलवानाचे अंग झेलण्यासाठीच. रिंगणाच्या वाळूलाही तेवढेच लक्ष हवे.

वाफसा

रिंगणाची योग्य अवस्था सांगायला शेतकऱ्याचा शब्द सर्वांत नेमका आहे: वाफसा. मुठीत दाबली तर वाळूचा लाडू व्हावा, पाणी गळू नये, आणि बोटाने टोचल्यावर लाडू फुटावा. पावसाळ्यात हा वाफसा निचऱ्याने मिळतो, उन्हाळ्यात शिंपणाने. एका रिंगणावर ५ मिमी पाणी द्यायचे तर ६,००० लिटर लागतात. ते पहाटे किंवा संध्याकाळी द्यावे, दुपारी दिलेले उडून जाते.

इथेच छपराचा विचार येतो. पत्र्याचे छप्पर पाऊस आणि ऊन दोन्ही अडवते, पण आतली वाळू बाराही महिने शिंपावी लागते, आणि पत्र्यावर सरींचा ताशा वाजू लागला की नवखे घोडे बिथरतात. त्याचा एक मोठा फायदा मात्र दुर्लक्षित राहतो. १,२०० चौरस मीटर छपरावर पुण्याच्या पावसात वर्षाला आठ लाख लिटरहून अधिक पाणी पडते. त्यातले थोडे वाया गेले असे धरूनही, टाकी बांधली तर रोज ६,००० लिटरप्रमाणे शंभरहून अधिक दिवसांचे शिंपण त्यातून निघते.

मापे

ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे, पूर्ण रिंगण ६० × २० मीटर, लहान ४० × २० मीटर. २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत भारताने सांघिक सुवर्ण मिळवले ते याच प्रकारात. उड्यांच्या मोकळ्या मैदानाला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निदान ४,००० चौरस मीटर जागा लागते. पावसाळी प्रदेशात मोठी स्पर्धा होऊ शकते याचा दाखला २००८ चा. बीजिंग ऑलिंपिकच्या अश्वक्रीडा हाँगकाँगला, ऐन वादळांच्या ऑगस्टमध्ये झाल्या.

देखभाल

घोडे कुंपणालगत चालतात, त्यामुळे तिथे चाकोरी पडते आणि पावसात तिचा पाट होतो. रोज काम संपल्यावर दंताळे किंवा हलकी फळी फिरवून बाहेर सरकलेली वाळू आत ओढतात. दंताळ्याचे दात खालच्या कापडाला लागता कामा नयेत. लीद पडताच सईसाने उचलावी. ती कुजून बारीक गाळ झाली की आधी वाळू आणि मग नळ्या बुजवते. पाणी साचले असताना घोडे फिरवणे टाळावे, कारण टापांनी पायाच ढवळला जातो.

मे महिन्याच्या मध्यावर चेंबर उघडून नळ्यांत पाणी सोडतात आणि ते दुसऱ्या तोंडाला स्वच्छ येते का हे पाहतात. पहिल्या वळवानंतर तासाभराने रिंगणातून पायी चालावे. जिथे पाणी अजून उभे असेल तिथे खुंटी ठोकून ठेवावी आणि वाळू वाफशावर आली की तेवढ्याच जागेची पातळी पुन्हा तपासावी.