एकत्र राहणे आणि एका बाजूने खेळणे

पूर्वग्रहाविषयी बोलताना आपल्याकडे एक निदान फार सहजपणे केले जाते. माणसे एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून तेढ निर्माण होते. ती एकत्र आली, एकमेकांकडे जेवली-खाल्ली, की गैरसमज आपोआप गळून पडतील. हे ऐकायला सुखद आहे. परंतु ज्या गावांमध्ये सर्व जाती शतकानुशतके हाकेच्या अंतरावर राहिल्या, एकमेकांची नावे, नाती आणि दुखणीखुपणी जाणत राहिल्या, त्या गावांमध्ये जातिभेद टिकला कसा, याचे उत्तर या निदानात नाही. शहरातही घरकाम करणारी बाई वर्षानुवर्षे रोज स्वयंपाकघरात वावरते, घरातल्या मुलांना भरवते आणि तरीही अनेक घरांत तिचा कप वेगळा असतो. या सगळ्यात ओळखीची कमतरता कुठेच नसते. तेव्हा माणसे किती जवळ आली यापेक्षा ती कोणत्या नात्याने जवळ आली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि सामाजिक मानसशास्त्राने गेल्या सत्तर वर्षांत नेमका हाच प्रश्न नाना प्रकारे तपासला आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये या विषयाची जी मांडणी केली, तिला संपर्क-सिद्धांत असे म्हणतात. या सिद्धांताचे नाव पुष्कळांना ठाऊक असते, परंतु ऑलपोर्ट यांनी त्याला घातलेल्या अटी मात्र विसरल्या जातात. दोन्ही गटांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी समान असावा, दोघांपुढे एकच उद्दिष्ट असावे, ते गाठण्यासाठी परस्परांची मदत घ्यावी लागावी आणि कायदा, संस्था किंवा वडीलधारी मंडळी यांचा या मेळाला उघड पाठिंबा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. या अटी नसतील तर संपर्काने पूर्वग्रह वाढूही शकतो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ हे अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुलांच्या एका शिबिरात आपला प्रयोग करत होते. शेरीफ मूळचे तुर्कस्तानचे; स्मर्ना परिसरातील ग्रीक-तुर्की हिंसाचार त्यांनी लहान वयात जवळून पाहिला होता. शिबिरातील बावीस मुले साधारण अकरा वर्षांची, सुस्थित घरांतली आणि एकमेकांना अनोळखी होती. त्यांचे दोन गट केले गेले, गटांमध्ये स्पर्धा लावल्या गेल्या, आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळणे, खोल्यांवर छापे घालणे, शिवीगाळ करणे हे सगळे सुरू झाले. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. पुढचा भाग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. तेढ कमी करण्यासाठी शेरीफ यांनी प्रथम दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवले. त्यातून एवढेच निष्पन्न झाले की मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. मग शिबिराच्या पाणीपुरवठ्यात बिघाड घडवून आणला गेला, बंद पडलेला ट्रक ओढण्याची वेळ आणली गेली, आणि दोन्ही गटांनी हात लावल्याशिवाय सुटणार नाहीत अशा अडचणी एकामागून एक उभ्या राहिल्यावर वैर ओसरू लागले.

या प्रयोगाला एक पूर्वपीठिका आहे आणि ती सांगितली पाहिजे. शेरीफ यांनी १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात असाच प्रयोग करून पाहिला होता, पण तिथे मुलांना गट पाडण्यापूर्वी आपसात मैत्री करू दिली होती. संयोजकांनी चिथावण्या देऊनही ती मुले परस्परांवर उलटली नाहीत. उलट मोठ्यांचाच काहीतरी डाव आहे असा संशय त्यांना आला आणि प्रयोग मध्येच सोडून द्यावा लागला. फसलेला हा प्रयोग मला गाजलेल्या प्रयोगाइतकाच बोलका वाटतो.

गट पडण्यासाठी स्पर्धेचीदेखील गरज नसते, हे मानसशास्त्रज्ञ हेन्री ताज्फेल यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टलमध्ये दाखवून दिले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या अंदाजाने सांगायला लावून, त्यावरून त्यांना दोन गटांत घातल्याचे भासवले गेले. प्रत्यक्षात ही विभागणी कोणत्याही आधाराविना केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, आणि इतरांना पैसे वाटून देताना स्वतःला त्यातले काही मिळणारही नव्हते. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. विशेष म्हणजे आपल्या गटाला जास्तीत जास्त रक्कम मिळण्यापेक्षा दुसऱ्या गटापेक्षा अधिक मिळावी, याकडे त्यांचा कल होता. त्यापायी आपल्या गटाचे थोडे नुकसान झाले तरी ते त्यांना चालत होते.

क्षुल्लक ठिपक्यांनी एवढे घडत असेल, तर ज्या खुणांमागे इतिहास आहे त्यांचे काय होत असेल? सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना समान शैक्षणिक पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक होता तो अर्जदारांच्या नावांचा. अनुकूल उत्तर येण्याचे गुणोत्तर उच्चवर्णीय हिंदू नावाला १ धरले, तर दलित नावाला ते सुमारे ०.६७ आणि मुस्लिम नावाला सुमारे ०.३३ भरले. अर्ज चाळणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपण गुणवत्ताच पाहतो असे मनापासून सांगितले असते, असे मानायला हरकत नाही. ‘आडनाव काय?’ हा प्रश्न ओळखीच्या पहिल्या दोन मिनिटांत विचारणाऱ्यालाही आपण चौकशी करतो आहोत असे वाटत नसतेच.

यावर समानुभूतीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याचा, उपाय नेहमी सुचवला जातो. समानुभूतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, पण तिच्यावर एवढा भार टाकता येईल असे पुरावे सांगत नाहीत. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाईन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ मधील प्रयोगात सहभागींना पाच डॉलर देऊन त्यांतून उपासमारीच्या निवारणासाठी दान मागण्यात आले. आफ्रिकेतील दुष्काळाची आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, तर रोकिया नावाच्या एका सात वर्षांच्या मुलीची हकिकत वाचलेल्यांनी २.३८ डॉलर दिले. तिची हकिकत आणि आकडेवारी ही दोन्ही एकत्र दिली, तेव्हा दान १.४३ डॉलरवर घसरले. आपले मन एका चेहऱ्यासाठी द्रवते आणि संख्या वाढली की कोरडे पडते. शिवाय तो चेहरा आपल्यांपैकी कोणाचा असेल तर ते लवकर द्रवते. मेंदूच्या प्रतिमा टिपून केलेल्या अनेक अभ्यासांत परक्या गटातील माणसाची वेदना पाहताना उमटणारा प्रतिसाद तुलनेने क्षीण आढळला आहे.

त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टन येथे केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ४० विद्यार्थी होते आणि ते सर्व धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेत होते. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन छोटे भाषण करायचे होते. काहींचा विषय तर बायबलमधील चांगल्या शोमरोन्याचा दाखला हाच होता, ज्यात वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला मदत केली जाते. त्यांच्याही वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत, खोकत बसवला होता. भाषणाचा विषय कोणता आहे याने मदतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. भरपूर वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थी थांबले, तर ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी जेमतेम १० टक्के. या थोड्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. परंतु एखाद्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करतो, ही या शास्त्राची जुनी तक्रार इथे चांगली समजते. पहाटेच्या रिकाम्या डब्यात आपणहून जागा करून देणारा प्रवासी साडेआठच्या लोकलमध्ये चौथी सीट मागणाऱ्यावर खेकसतो, तेव्हा मधल्या काळात त्याचा स्वभाव पालटलेला नसतो.

म्हणून प्रश्न पुन्हा परिस्थितीपाशी, म्हणजे संपर्काच्या स्वरूपापाशी येतो. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन, जिथे संपर्क अधिक तिथे पूर्वग्रह कमी, असा संबंध दाखवला. तो सौम्य होता, पण सातत्याने आढळत होता. यात एक मोठी मेख आहे: मुळात सहिष्णू असलेली माणसेच परक्यांमध्ये आपणहून मिसळत असतील, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे कसे ठरवणार? त्यासाठी कोणी कोणाच्या संपर्कात यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. असे प्रयोग थोडे आहेत, आणि त्यांतला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशात, उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात, क्रिकेटच्या मैदानावर झाला.

अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी निरनिराळ्या जातींचे १,२६१ तरुण निवडले. काहींना महिनाभराच्या क्रिकेट स्पर्धांमध्ये खेळवले आणि उरलेल्यांना तुलनेसाठी बाहेर ठेवले. एखादा खेळाडू केवळ स्वजातीयांच्या संघात जाईल की मिश्र संघात, आणि त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी कोण येतील, हे दोन्ही चिठ्ठ्यांनी ठरले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की मिश्र संघात खेळलेल्यांची इतर जातींतील मुलांशी मैत्री वाढली, स्वजातीयांना झुकते माप देण्याची वृत्ती कमी झाली आणि वस्तूंची देवाणघेवाणही त्यांना अधिक फायदेशीरपणे करता आली. मात्र इतर जातींचे खेळाडू ज्यांच्यापुढे प्रतिस्पर्धी म्हणून आले, त्यांचे परजातीयांशी संबंध एकंदरीत घटले. मैदान तेच होते आणि चेंडूही तोच होता. आपण कोणत्या बाजूने उभे आहोत, याने परिणामाची दिशा उलटली.

तथापि एका बाजूने खेळणे म्हणजे सर्व काही नव्हे, हे महाराष्ट्राच्या क्रिकेटने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. चांभार समाजात जन्मलेले पाळवणकर बाळू हे पुण्यात मैदानाची देखभाल करता करता इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले आणि पुढे त्यांच्या काळातील भारतातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज ठरले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. युरोपियनांना हरवायचे तर बाळूंवाचून भागणार नाही, हे पुण्याच्या हिंदू संघाला पटले होते. म्हणजे समान उद्दिष्टही होते आणि सहकार्यही. मैदानावर सगळे तोच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या कुल्हडात चहा दिला जाई. एवढी गुणवत्ता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, तेही बऱ्याच वादानंतर. ऑलपोर्ट यांच्या अटींपैकी समान दर्जाची अट सर्वांत आधी का आली पाहिजे, याचे यापेक्षा नेमके उदाहरण मला सापडलेले नाही. सहभोजनाने जातिभावना मेलेली नाही, हा अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडला होता आणि खरा उपाय आंतरजातीय विवाहात पाहिला होता. तिथे समान दर्जाचा प्रश्न टाळून नाते जुळूच शकत नाही.

संपर्काचा परिणाम किती दूर पोहोचतो, हाही प्रश्न आहे. सलमा मूसा यांनी इराकमध्ये इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिश्चनांच्या फुटबॉल संघांपैकी काहींमध्ये मुस्लिम खेळाडू घातले. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा संघांतले ख्रिश्चन खेळाडू पुढे मुस्लिमांबरोबर सराव करत राहिले आणि खिलाडूवृत्तीच्या पुरस्कारासाठी अनोळखी मुस्लिम खेळाडूलाही मत देऊ लागले. परंतु मुस्लिमबहुल मोसुलमधील उपाहारगृहात जाण्याची त्यांची तयारी वाढली नाही. सहखेळाडूंवर बसलेला विश्वास त्या शहरापर्यंत पोहोचला नाही.

मुलांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक दिसते. सरकारकडून सवलतीत जमीन घेतलेल्या दिल्लीतील खासगी शाळांना २००७ पासून नव्या प्रवेशांपैकी २० टक्के जागा गरीब मुलांसाठी ठेवणे भाग पडले. त्यामुळे एकाच शाळेत एका इयत्तेत गरीब मुले होती आणि तिच्या वरच्या इयत्तेत नव्हती, अशी आयती तुलना अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांना मिळाली. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुले अधिक उदार आढळली, धर्मादाय कामासाठी अधिक तत्परतेने पुढे आली आणि गरीब मुलांबरोबर खेळायला अधिक राजी झाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना धावण्यात सरस अशा गरीब मुलाला डावलण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. बक्षिसाची रक्कम वाढली की एकूणच सगळ्यांचा भेदभाव कमी होत गेला; भेदभाव हा स्वस्त असेपर्यंतच परवडतो, असा याचा अर्थ. अभ्यासातील गुणांवर झालेला परिणाम संमिश्र आणि एकंदरीत किरकोळ होता.

शिक्षण हक्क कायद्याने हीच तरतूद देशभर २५ टक्क्यांची केली. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळांना तीतून सूट दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. त्या वेळची चर्चा बहुतांशी शुल्काची प्रतिपूर्ती आणि गरीब मुलांचा लाभ यांभोवती फिरत राहिली. श्रीमंत मुलांना यातून काय मिळते, हा मुद्दा क्वचितच कोणी काढला. राव यांच्या अभ्यासात आणखी एक बारकावा आहे. काही शाळांमध्ये अभ्यासगट नावांच्या आद्याक्षरांनुसार पाडले जात, त्यामुळे कोणाच्या गटात गरीब मूल येईल हे निव्वळ योगायोगाने ठरत असे; आणि वर्गातल्या बदलाचा मोठा वाटा अशा प्रत्यक्ष गटात बसण्यातून आलेला दिसला. या मुलांना वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या वेळी शिकवू नये, असे केंद्राच्या नमुना नियमांत म्हटले आहे. एकाच खोलीत आल्यावर कोणाचा गट कोणाबरोबर करायचा, हे मात्र वर्गशिक्षकांवर सोडलेले आहे.