केहीमकर, शपिरो आणि रोझेनबर्ग: गाव नेमकं कुठल्या आडनावात?

जुन्या हिंदी सिनेमातले टकलू, हसरे डेव्हिड आठवत असतील. श्रेयनामावलीत नुसतं 'डेव्हिड' यायचं. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊलकर म्हटल्यावर मराठी माणूस पुढचं विचारतच नाही. मूळचे चौलचे, संपलं. कोकणातल्या बेने इस्रायलींची, म्हणजे तिथल्या मराठी ज्यूंची, कितीतरी आडनावं अशीच आहेत: किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत, पण आडनाव मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखंच. नुसतं पेणकर ऐकून माणसाचा धर्म कळायचा नाही. त्यासाठी पुढचं नाव ऐकावं लागतं.

ही 'कर' ऐकायची सवय घेऊन आपण युरोपातल्या ज्यू आडनावांकडे वळलो, की पंचाईत होते. रोझेनबर्ग म्हणजे गुलाबांचा डोंगर, रोझेनथाल म्हणजे गुलाबांची दरी. ऐकणाऱ्याला वाटतं, असेल त्यांच्या गावाचं नाव. उलट शपिरो हे आडनाव ऐकून कुणाच्या मनात गाव येत नाही. खरी गोष्ट बहुतेक वेळा नेमकी उलटी असते.

शपिरो, शपिरा ही आडनावं जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या श्पायर या शहरावरून आली. श्पायर, वर्म्स आणि माइन्झ ही मध्ययुगातल्या ज्यू विद्वत्तेची तीन मोठी ठाणी. ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथांतल्या आरामाईक भाषेत 'शपिरा' म्हणजे सुंदर, त्यामुळे शहराचा उच्चार त्या ओळखीच्या शब्दाकडे झुकला आणि शहर झाकलं गेलं. हालपर्नमध्ये जर्मनीतलं हाइलब्रॉन लपलंय, होरोविट्झमध्ये बोहेमियातलं, म्हणजे आजच्या चेकियातलं, होर्झोविट्से. याच होरोविट्झ घराण्यातल्या आरोन मेशुलामने 1535 मध्ये प्रागमध्ये पिंकस सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बांधलं. ओपेनहायमरचं ओपेनहाइम तर आजही वर्म्सजवळ आहे. ही आडनावं चिकटली ती गाव सुटल्यावर. होर्झोविट्सेत राहणाऱ्याला होर्झोविट्सेचा म्हणून काय कळणार? किहीममध्ये तरी कोण कुणाला किहीमकर म्हणून हाक मारतं?

मग रोझेनबर्ग कुठून आलं? ते बरंचसं सरकारी कचेरीतून आलं. त्या काळी बहुतेक ज्यूंना कायमचं आडनावच नसे, अमक्याचा मुलगा तमका एवढ्यावर भागायचं. करवसुली आणि सैन्यभरतीला ते गैरसोयीचं होतं. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने 1787 मध्ये फर्मान काढलं: 1 जानेवारी 1788 पासून प्रत्येक ज्यू कुटुंबाला कायमचं आडनाव हवं. गंमत पुढे आहे. हिब्रू वळणाची आणि राहत्या गावावरून पडलेली नावं बंद करा, असं त्याच फर्मानात होतं. उदाहरणादाखल टेप्लिट्झ आणि कोलिन या गावांची नावं लावणारे लोकही दिले होते. नेपोलियननेही 1808 च्या हुकुमात शहरांची आणि बायबलच्या जुन्या करारातली नावं नव्याने घ्यायला मनाई केली. आधीपासून लावत असाल तर ठेवा, एवढी सवलत दिली.

म्हणजे गावाचं नाव घ्यायची बंदी, पण आडनाव तर हवंच. मग गुलाब, सोनं, हिरवळ यांना डोंगर, दरी, माळ, दगड जोडून नवी नावं बनली. घडण गावाच्या नावाची, पण गाव कुठेच नाही. आपल्याकडे कुणी 'गुलाबवाडीकर' असं आडनाव बसल्याजागी रचावं आणि ती वाडीच नसावी, तसं.

अर्थात सरसकट असं म्हणता येत नाही. रोझेनबर्ग नावाची खरी गावंही होती, आणि एखाद्या घराण्याचं नाव तिथूनच आलेलं असू शकतं. मी पहिल्यांदा आडनावाचं वय बघतो. 1787 च्या बऱ्याच आधीच्या कागदांत, रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, वंशावळीत ते सापडत असेल, तर मागे खरं गाव असण्याची शक्यता मोठी. फर्मानानंतर, तेही गॅलिशियात, म्हणजे आजच्या पोलंड-युक्रेनमधल्या तेव्हाच्या ऑस्ट्रियन प्रांतात, एकाच वेळी एकमेकांशी नातं नसलेल्या अनेक कुटुंबांनी ते घेतलेलं दिसलं, तर ती बहुधा सजावट. आणि धर्म? तो इथेही आडनावावरून ठरवू नये. नाझींचा विचारवंत, 1946 मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यानंतर फाशी गेलेला आल्फ्रेड, त्याचंही आडनाव रोझेनबर्गच. तो ज्यू नव्हता.

कोकणात असं फर्मान कुणी काढलं नाही, म्हणून तिथे 'कर'वर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण 'कर' नाही म्हणजे गाव नाही, असंही समजू नका. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या आडनावाला 'कर' नाही. झिराड मात्र अलिबाग तालुक्यात आहे.