यंत्राला सोने कळत नाही

समुद्रात तासभर खेळून बाहेर आल्यावर सहज बोटाकडे लक्ष जाते आणि अंगठी जागेवर नसते. पाण्याच्या गारव्याने बोटे किंचित आकसतात, ओल्या कातडीवरून धातू सहज सरकतो आणि लाटेचा एक फटका पुरेसा होतो. अशा वेळी हल्ली ‘मेटल डिटेक्टर आणा’ असे कोणीतरी सुचवतेच. हे यंत्र पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची बहुधा अशी समजूत असते, की ते वाळूवरून फिरवले की सोने लागताच ओरडेल. प्रत्यक्षात यंत्राला सोने कळतच नाही. त्याला विजेचा एक बारीकसा भोवरा तेवढा जाणवतो, आणि तो अंगठीत उठला आहे की सिगारेटच्या पाकिटातल्या चमकत्या कागदात, हे पुष्कळदा त्यालाही सांगता येत नाही.

हा भोवरा उठतो कसा, ते आधी पाहू. दांड्याच्या टोकाला जी चपटी थाळी असते, तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, बसवलेली असतात. एका कॉइलमधून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडलेला असतो, त्यामुळे थाळीखालच्या जमिनीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र पसरते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवले होते. त्याच नियमाने जमिनीतल्या धातूच्या तुकड्यात गोल गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. ते स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि थाळीतली दुसरी कॉइल ते टिपते. ही दुसरी कॉइल अशा बेताने बसवलेली असते, की पहिलीचा थेट परिणाम तिच्यावर जवळजवळ शून्य व्हावा. नाहीतर शेजारच्या गोंगाटात जमिनीतली कुजबुज ऐकू येणार नाही.

परतीचा हा संदेश मूळ लहरीपेक्षा थोडा मागे पडतो. किती मागे पडतो, हे त्या तुकड्यात प्रवाह किती सहज फिरतो आणि किती वेळ टिकतो यावर अवलंबून असते. पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे मुख्यतः या मागे पडण्याचे माप. लोखंडाचा आकडा एका टोकाला, चांदीच्या जाड नाण्याचा दुसऱ्या टोकाला आणि सोन्याची अंगठी मध्येच कुठेतरी, गोळ्यांच्या पाकिटातल्या ॲल्युमिनियमच्या आणि शीतपेयाच्या डब्याच्या कडीच्या शेजारी येते. येथे एक गंमत आहे. चांदी आणि तांबे हे दोन्ही धातू सोन्यापेक्षा अधिक चांगले वाहक आहेत. पण दागिना टिकाऊ व्हावा म्हणून तेच सोन्यात मिसळले, की मिश्रणाची वाहकता शुद्ध सोन्याहून बरीच कमी होते, कारण परक्या अणूंमुळे इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे उभे राहतात. म्हणून ९१.६ टक्के सोने असलेली बावीस कॅरटची अंगठीसुद्धा यंत्रापुढे काही राजेशाही थाटाने उभी राहत नाही. नवख्या माणसाची नेहमीची चूक येथेच होते. कचऱ्याचा त्रास नको म्हणून तो ॲल्युमिनियमचे आकडे गाळून टाकण्याची सोय चालू करतो आणि कचऱ्याबरोबर सोनेही गाळून बसतो.

धातूपेक्षाही आकाराचा परिणाम मोठा असतो, आणि ते घरच्या घरी पाहता येते. लाकडी पाटावर एक अंगठी, एक गळ्यातली साखळी आणि एक मंगळसूत्र ठेवून मी थाळी हळूहळू वर उचलत नेली. वीतभर उंचीवरूनही अंगठीचा आवाज स्वच्छ येत होता, कारण अंगठी हे अखंड वर्तुळ आहे आणि प्रवाहाला फेर धरायला तिच्यात पूर्ण वाट मिळते. साखळी वजनाने अंगठीच्या दुप्पट होती, तरी चार बोटांच्या वर ती मुकी झाली. साखळीची प्रत्येक कडी वेगळी आणि चिमुकली असते, दोन कड्यांमधला स्पर्श कच्चा असतो. त्यामुळे भोवरा ज्या त्या कडीतच अडकतो आणि यंत्राला दहा ग्रॅमचा दागिना न दिसता शेकडो क्षुल्लक तुकडे दिसतात. मंगळसूत्राचे काळे मणी काचेचे असल्यामुळे त्यांचा प्रश्नच नाही आणि ज्या तारेत ते ओवलेले असतात तीही क्षीण. आवाज आला तो दोन वाट्यांचा. तेव्हा मंगळसूत्र हरवले असेल तर आपण खरे पाहता दोन वाट्या शोधत असतो, आणि साखळी हरवली असेल तर तिच्या टोकाची अडकवण्याची कडी. मोत्यांच्या नथीत सोन्याची तार किती, याचा विचार करून मगच आशा धरावी. तुटून तोंड उघडलेली अंगठीही अखंड अंगठीपेक्षा पुष्कळ कमी बोलते.

खोलीबद्दल जाहिराती काहीही सांगोत, गणित निष्ठुर आहे. थाळीपासून बऱ्यापैकी दूर गेल्यावर तिचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि दागिन्याकडून परत येणारे क्षेत्रही तसेच घटते. दोन्ही मिळून संदेश अंतराच्या सहाव्या घाताने विरत जातो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की तो चौसष्टपट क्षीण होतो. म्हणूनच थाळी जमिनीला जवळजवळ टेकवून, तिच्याशी समांतर आणि सावकाश फिरवायची असते. हात फेकण्याच्या नादात दोन्ही टोकांना थाळी वर उचलली जाते आणि शोधाची पट्टी मधल्या भागापुरतीच उरते.

कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. रत्नागिरीच्या परिसरात पांढऱ्या वाळूत काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. त्यांत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोहयुक्त खनिजे असतात. अंगणातला जांभा दगड लोहाने लाल झालेला असतो आणि घाटावरच्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असतेच. अशी जमीन स्वतःच यंत्राला उत्तर देत राहते. हे उत्तर वजा करण्यासाठी धातू नसलेल्या जागी थाळी काही वेळा खालीवर करून यंत्राला तिथल्या जमिनीची ओळख करून द्यावी लागते. ओल्या वाळूतले खारे पाणी हा वेगळा त्रास आहे, कारण ते स्वतः वाहक आहे. तेथे संवेदनक्षमता थोडी कमी ठेवलेली बरी. विजेचे झटके देऊन मधल्या शांततेत ऐकणारी, पल्स प्रकारची यंत्रे खाऱ्या आणि काळ्या वाळूत चांगली चालतात, मात्र लोखंड आणि सोने यांतला भेद त्यांना जवळपास करता येत नाही.

या यंत्राच्या पूर्वजाची एक फजिती प्रसिद्ध आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडल्या गेल्या. शरीरात राहिलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने प्रवर्तनाच्या, म्हणजे फॅरेडेच्या त्याच, तत्त्वावर चालणारे उपकरण जुळवले. प्रयोगात ते चालले, रुग्णाजवळ चालले नाही. गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी गोळी उजव्या बाजूला असल्याचे गृहीत धरून बेलला तीच बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. गोळी डावीकडे निघाली. पोलादी टोकाचे बूट घालून, हातात कडे ठेवून आणि लोखंडी खुरपे थाळीजवळ धरून शोधणारा आजही पहिली चूक करतो. दुसरी चूक, म्हणजे भलत्याच जागी शोधत बसणे, त्याहून अधिक महाग पडते.

ती टाळण्याचा उपाय यंत्रात नाही, बोलण्यात आहे. दागिना शेवटचा हाताला कधी लागला, तेव्हा पाणी कमरेला होते की घोट्याला, चेंडू खेळला होता का, टॉवेल कुठे झटकला, हे शांतपणे विचारावे आणि त्या वेळचे फोटो असतील तर पाहावेत. किनाऱ्यावर भरतीओहोटीचा हिशेब हवा. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत मुंबईच्या आसपास अजून उपयोगी पडते: पौर्णिमा आणि अमावास्येला भरती साधारण बाराच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत दूर जाते, तेव्हा कमरेइतक्या पाण्यात पडलेली अंगठीही उघड्या वाळूखाली सापडू शकते. मात्र फार थांबू नये. सोने वाळूपेक्षा कितीतरी जड असल्यामुळे लाटांनी हलत्या वाळूत ते खाली खाली जात राहते.

मग सुतळीने पट्टे आखावेत, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवावी आणि हेडफोन लावून ऐकावे. शोधायला सुरुवात करण्यापूर्वी तशीच दुसरी अंगठी दोऱ्याने बांधून वाळूत पुरावी आणि तिचा आकडा पाहून ठेवावा, पण त्यावर विसंबून बाकीचे आवाज सोडू नयेत. आवाज आला की उकरायचे, चाळायचे आणि निघालेला कचरा खिशात टाकायचा. सराफाच्या दुकानाबाहेरची धूळ गोळा करून, धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी हेच काम यंत्राशिवाय करत आले आहेत, आणि चिकाटीत आपण त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही.

कायद्याचे भान असावे. संरक्षित किल्ल्यावर किंवा स्मारकात परवानगीवाचून उकरणे गुन्हा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि दुसऱ्याचा हरवलेला दागिना सापडणाऱ्याच्या मालकीचा होत नाही.

माझा पहिला शोध समुद्रावरचा नव्हता. वहिनींची अंगठी विहिरीजवळ भांडी घासताना गेली होती, म्हणून सकाळभर विहिरीभोवतीची जमीन तपासली आणि चौदा खिळे, एक बिजागरी व बाटल्यांची बुचे मिळाली. दुपारी चहा पिताना त्या बोलून गेल्या, की त्या दिवशी खरकटे पाणी बादलीत साठवून पोफळीला घातले होते. पोफळीच्या आळ्यात तिसऱ्याच फेरीला आवाज आला. पडद्यावरचा आकडा, सकाळी मी वैतागून फेकलेल्या गोळ्यांच्या पाकिटाचा होता तोच होता.