जास्त प्रेशर म्हणजे पक्का खिळा? नाही!

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून लाकूड आणून गच्चीवर शेड बांधणाऱ्यांत एक समज पक्का रुजलाय: फ्रेमिंग नेलरचं (हवेच्या दाबावर लाकडात खिळे ठोकणारी गन) प्रेशर जितकं जास्त, तितका जोड मजबूत. हे साफ चूक आहे. खिळ्याचं डोकं प्लायच्या पृष्ठभागाशी सपाट बसायला हवं. ते आत घुसलं की वरचा थर फाटतो, डोक्याखाली जाडी कमी उरते आणि ताण आला की प्लाय खिळ्यावरून उपसून येतो. म्हणून खोली कमी-जास्त करता येणारीच गन घ्या, आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघा. गनमध्ये भरायच्या, एकमेकांना जोडलेल्या खिळ्यांच्या पट्टीचा कोनही विचारा. 21 अंशांच्या गनला 30 ची पट्टी चालत नाही. ट्रिगर मात्र गनचं नाक, म्हणजे पुढचं टोक, लाकडावर टेकवून दाबल्यावर एकच खिळा सोडणारा हवा, यात तडजोड नको. विटांच्या भिंतीसाठी ही गन नाहीच.